तोंडात पाणी घालायला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत सन्मानाने मरण्याच्या हक्काविषयी आलेला लेख मी दोनदा वाचला. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी हा हक्क मान्य केला, २०२३ च्या जानेवारीत त्याची किचकट प्रक्रिया बरीच सोपी केली, आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे साक्षांकन केलं की, शेवटी कोणते उपचार नकोत हे सांगणारं वैद्यकीय इच्छापत्र तयार होतं, हे सगळं लेखात नीट उलगडून सांगितलं आहे. त्याबद्दल मनापासून आभार. त्यात डॉक्टरांचं म्हणणं होतं, वकिलांचंही होतं. रात्री तीन वाजता त्या माणसाच्या कॉटपाशी जी उभी असते तिचं मात्र नव्हतं. म्हणून हे पत्र लिहायला बसले. थोडं लांबेल, सांभाळून घ्यावं.

मी ३५ वर्षं सरकारी रुग्णालयांत परिचारिका होते. १९८९ साली अधिपरिचारिका म्हणून लागले आणि २०२४ मध्ये परिसेविका म्हणून निवृत्त झाले. सगळी नोकरी मराठवाड्यात झाली. मेल मेडिकल, फिमेल सर्जिकल, जळीत कक्ष आणि शेवटची सात वर्षं आयसीयू. माझ्यासमोर किती माणसं गेली ते मला सांगता येणार नाही. गेलेली माणसं मोजायची नाहीत असं आमच्या एक सीनिअर सिस्टर सांगायच्या, आणि ते मी पाळलं.

लेखातला मुख्य प्रश्न व्हेंटिलेटरचा आहे. लावायचा का, लावला तर काढायचा कधी, आणि ते ठरवायचं कुणी. प्रश्न खरा आहे, आयसीयूत तो मी रोज पाहिला आहे. पण जनरल वॉर्डात जी माणसं गेली त्यांतल्या बहुतेकांच्या वाट्याला व्हेंटिलेटर आलाच नाही. त्यांचं दुःख वेगळं होतं, आणि ते आपल्या बोलण्यात पिढ्यान् पिढ्या आहे. कुणाचं वाईट मरण सांगायचं झालं की आपण म्हणतो, ‘तोंडात पाणी घालायला जवळ कुणी नव्हतं.’ मला त्या पाण्याबद्दल लिहायचं आहे.

१९९६ चा उन्हाळा होता. मेल मेडिकलला माझी नाईट होती. कॉट बेचाळीस आणि पेशंट अडुसष्ट. कॉटच्या मधल्या जागेत गाद्या, व्हरांड्यातही गाद्या. आम्ही दोघी सिस्टर, एक मावशी, एक मामा. पाच-सहा रुग्णांमागे एक परिचारिका हवी, हा निकष ट्रेनिंगला असताना आम्ही परीक्षेसाठी पाठ केला होता. अकरा नंबरच्या कॉटवर साठीचे एक शेतकरी होते. अर्धांगाचा झटका येऊन तिसरा दिवस. गिळता येत नव्हतं, म्हणून नाकातून नळी घातलेली आणि कॉटला पाटी अडकवलेली: ‘तोंडाने काही देऊ नये.’ पाटी बरोबरच होती. ज्याला गिळता येत नाही त्याला घोटभर पाणी दिलं तर ते फुप्फुसात उतरतं.

पहाटे त्यांचा श्वास बदलला. काही वेळ खोल खोल, मग उथळ, मग अगदी थांबल्यासारखा, आणि पुन्हा पहिल्यापासून. पावलं गार पडली, नखं निळी दिसायला लागली. घरघर लागली होती. सरांना कॉल दिला. ते आले, पाहिलं आणि नातेवाइकांना बोलावून घ्या म्हणाले. सोबतीला एक पुतण्या होता. त्याने आदल्या रात्रीच एसटीडी बूथवरून गावाकडे निरोप दिला होता.

सहाच्या सुमारास त्यांची लेक आली. सासरहून, पहिल्या एसटीने. तिच्या हातात स्टीलचं फुलपात्र होतं. त्यात पाणी आणि पाण्यात तुळशीचं पान. सांडू नये म्हणून वर तळहात धरलेला, तरी अर्धंअधिक पाणी साडीच्या निऱ्यांवर सांडलेलं दिसत होतं.

सकाळी सहा ते नऊ वॉर्डात नातेवाईक नकोत, असा नियम होता. सहाची इंजेक्शनं, मग झाडलोट, मग पुढच्या पाळीच्या सिस्टरना ओव्हर देणं, मग राउंड. मी इंजेक्शनचा ट्रे घेऊन निघालेच होते. ती म्हणाली, ‘सिस्टर, येवढं पाणी घालू द्या. बापाच्या तोंडात माझं पाणी पडू द्या.’ मी पाटीकडे बोट दाखवलं. म्हटलं, ‘त्यांना तोंडाने काही चालत नाही, ठसका लागेल. बाहेर बसा, राउंड झाला की सोडते.’ ती भांडली नाही, की रडलीही नाही. व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसली. सहा चाळीसला तिचे वडील गेले. मी सांगायला बाहेर आले तेव्हा फुलपात्र तिच्या मांडीवर होतं. तिने माझ्याकडे पाहिलं, मग त्या पाण्याकडे पाहिलं. उठली आणि बाहेरच्या कडुनिंबाच्या बुंध्याशी पाणी ओतून आली. मग वडिलांकडे गेली.

मी काही नियमाबाहेरचं केलं नव्हतं. कुणी मला जाब विचारला नाही, विचारलाही नसता. पण ठसका लागू नये म्हणून मी त्या माणसाला जपत होते, ते कशासाठी? त्यांच्याजवळ चाळीस मिनिटं होती. त्या चाळीस मिनिटांत जपण्यासारखं जे काही होतं ते मी बाहेर बाकावर बसवून ठेवलं होतं.

मॉर्निंगच्या सीनिअर सिस्टरना ओव्हर देताना मी हे सांगितलं. त्या मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात शिकलेल्या, वयाने माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठ्या, बोलायला कमी. त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, ‘अगं, पाणी पाजायचं नसतं. लावायचं असतं.’ आणि कापसाचा बोळा घेऊन त्यांनी मला दाखवलं. जे मला ट्रेनिंगला ‘माउथ केअर’ या नावाने शिकवलं होतं, रोज सकाळी करायला लावलं होतं, तेच होतं ते. फक्त माझ्या डोक्यात ते एका कप्प्यात होतं आणि तुळशीचं पान दुसऱ्या.

कुणाच्या घरी उपयोगी पडेल म्हणून इथे सविस्तर लिहिते. माणूस शेवटाला येतो तेव्हा त्याला आपल्यासारखी तहान राहत नाही. पोट अन्न मागत नाही, शरीर पाणी मागत नाही. कोरडं पडतं ते तोंड. उघड्या तोंडाने श्वास चालू असतो, ऑक्सिजन चालू असतो, ओठांना भेगा पडतात, जीभ लाकडासारखी होते. अशा वेळी चमच्याने पाणी ओतू नये. स्वच्छ सुती कापडाचा तुकडा किंवा गॉज पाण्यात भिजवून हलकेच पिळायचा, आणि आधी ओठ, मग गालाच्या आतली बाजू, मग जिभेचं टोक ओलं करायचं. डोकं थोडं उंच, मान एका कुशीला. कुशीला वळवलं की घरघरही थोडी कमी होते. तासाभराने पुन्हा ओलं करायचं. ओठांना थोडं तूप किंवा खोबरेल लावायचं. ऑक्सिजन चालू असेल तर मात्र ते लावू नये, सिस्टरना विचारावं. तुळशीचं पान जिभेवर ठेवू नये, घशात जातं; ते पाण्यात बुडवून त्या पाण्याने ओठ पुसावेत. सगळ्यांचं समाधान होतं आणि ठसका लागत नाही.

त्या सकाळनंतर माझ्या ड्यूटीत शेवटाला आलेल्या पेशंटच्या नातेवाइकाला मी बाहेर बसवलं नाही. राउंड असला तरी नाही. दोनदा त्यासाठी बोलणी खाल्ली. कुणी पंढरपूरहून आणलेलं चंद्रभागेचं पाणी काढायचं, कुणी देव्हाऱ्यातल्या गडूतली गंगा. एका अम्मीच्या मुलाने शर्टाच्या आतल्या खिशातून एवढीशी बाटली काढली, आब-ए-जमजमची. त्यांचं तोंड पश्चिमेला करायचं होतं. आमच्या मामांनी आणि मी सलाईनच्या स्टँडसकट कॉट फिरवली. शेजारच्या पेशंटने आपलं स्टूल स्वतः सरकवून जागा करून दिली. एका घरचे लोक कॉटभोवती उभे राहून हळू आवाजात त्रिसरण-पंचशील म्हणत होते आणि नातू आजोबांचे ओठ ओले करत होता. बोळा दरवेळी मीच भिजवून द्यायचे.

२००१ साली माझे स्वतःचे वडील गेले, दुसऱ्या शहरातल्या रुग्णालयात. निरोप आला तेव्हा मी इव्हनिंगला होते. माझ्या जागी दुसरी सिस्टर मिळून निघेपर्यंत रात्रीचे दहा झाले, पोहोचले तेव्हा सगळं संपलं होतं. आत्या सोबत होती. ती म्हणाली, ‘अगं, त्या सिस्टरनं घातलं पाणी. मला म्हणाली, लेक नाही आली तर मी घालते, मीपण कुणाची लेकच आहे.’ त्या सिस्टरचं नाव आत्याने विचारलं नाही, आणि मी शोधायला गेले तेव्हा ड्यूटी बदललेली होती. त्यांना माझा नमस्कार या पत्रातून.

जळीत कक्षात मात्र हे सगळं ज्ञान अपुरं पडायचं. तिथे तहान खरी असते. ऐंशी-नव्वद टक्के भाजलेली बाई पहिले काही तास पूर्ण शुद्धीत असते, बोलते, माणसं ओळखते आणि पाणी मागत राहते. नायब तहसीलदार जबाब घ्यायला येतात, डॉक्टर ती शुद्धीवर असल्याचं लिहून देतात, सगळे बाहेर जातात, आणि मग ती आपल्याला विचारते. एकीचं वय बावीस होतं. तिचे केस जळलेले, कानातली फुलं तेवढी जागच्या जागी. मी तिला थोडं थोडं पाणी देत होते. ती म्हणाली, ‘ताई, मी जगंल ना?’

अशा वेळी काय बोलायचं ते कुठल्याही पुस्तकात नाही. पहिली काही वर्षं मी ‘हो, बरी होशील’ म्हणायचे. मग लक्षात आलं, की ते ऐकल्यावर त्या पुढे काही बोलतच नाहीत. त्यांना कळलेलं असतं. मी खोटं बोलले हेही कळलेलं असतं, आणि आता हिच्याशी खरं बोलायचं नाही असं त्या ठरवतात. म्हणून त्या रात्री मी तिला म्हटलं, ‘मी सकाळपर्यंत इथंच आहे.’ मग ती बोलायला लागली. अंगणवाडीतल्या मुलीबद्दल बोलली. मुलीला घट्ट वेणी आवडत नाही, सैल घालायला सांगा म्हणाली. मी तिच्या आईला ते सांगितलं. दुसऱ्या दिवशी माझ्या नाईटला मी गेले तेव्हा कॉटवर दुसरी पेशंट होती.

वेदनेबद्दल मात्र मला रागानेच लिहावं लागेल. आमच्या भागात तोंडाच्या कॅन्सरचे पेशंट फार. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पण पुडी कुठे मिळते हे शाळेतल्या पोरालाही माहीत आहे. हे लोक बार्शीला नाहीतर मुंबईला टाटाला जाऊन, उपचार संपवून, पैसे संपवून आमच्याकडे परत येतात. गाल फुटलेला असतो, जखमेत किडे झालेले असतात. टर्पेंटाइनचा बोळा ठेवून आम्ही एकेक किडा चिमट्याने काढायचो. जखमेला वास येतो म्हणून घरची माणसं लांब बसतात. मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्या कुटून ती पूड जखमेवर टाकली की वास कमी होतो आणि माणसं जवळ येतात. हे साधे उपाय आहेत, स्वस्त आहेत, कुणालाही शिकवता येतात. पण दुखणं थांबवायला जी गोळी लागते, तोंडाने घ्यायची मॉर्फिनची, ती आमच्या स्टोअरला कधी आहे तर बहुतेकदा नाही. अमली पदार्थांचा १९८५ चा कायदा इतका कडक होता, की परवान्यांच्या भीतीने कुणी ती ठेवतच नसे. २०१४ मध्ये कायदा बदलला, रुग्णालयांसाठी वाट सोपी झाली. भीती मात्र आहे तिथेच राहिली. दहा मिलिग्रॅमची एक गोळी, दर चार तासांनी. तेवढ्याने माणूस झोपतो, घरच्यांशी दोन शब्द बोलतो. ती नाही म्हणून भिंतीवर डोकं आपटणारा माणूस मी पाहिला आहे. त्या रात्री माझ्याजवळ डायक्लोफिनॅकच्या इंजेक्शनापलीकडे काही नव्हतं.

आता एका कागदाबद्दल. खेड्यातल्या माणसाला आपल्या घरी, आपल्या जमिनीवर जीव सोडायचा असतो. घरचेही म्हणतात, आता खाली घ्यायची वेळ आली, घरी नेऊ. डॉक्टरही बाजूला घेऊन सांगतात, की आता आपल्या हातात काही नाही, न्यायचं तर न्या. आणि मग सही कशावर घेतात? ‘वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध घेऊन जात आहोत’ या कागदावर. आम्ही त्याला ‘डामा’ म्हणतो. किती मुलांनी माझ्यासमोर त्या कागदावर सही केली आहे! एकाने तो मोठ्याने वाचला आणि विचारलं, ‘सिस्टर, सरच म्हणाले ना घरी न्या? मग मी विरुद्ध कसा?’ माझ्याजवळ उत्तर नव्हतं. मी पेन पुढे केलं. त्या मुलाच्या मनात जन्मभर राहणार, की मी बापाला उपचार सोडून उचलून नेलं. डॉक्टरांवर मी दोष ठेवत नाही. त्यांच्या डोक्यावर केसची आणि मारहाणीची टांगती तलवार असते. पण आता न्यायालयाने वाट दाखवलेली आहे. दोन वैद्यकीय मंडळांचं मत घ्यायचं, शक्यतो ४८ तासांत ते द्यायचं, घरच्यांची संमती घ्यायची आणि जे खरं आहे तेच लिहायचं. मोठ्या शहरातल्या आयसीयूत ही मंडळं बसतील. तालुक्याच्या गावाला दोन तज्ज्ञ कुठून आणायचे हे कुणीतरी बघायला हवं. निदान कागदावरचं ते एक खोटं वाक्य तरी बदला. आणि घरी नेताना गाडी कुठून आणायची याचाही विचार व्हावा. १०८ ची गाडी तातडीच्या रुग्णाला दवाखान्यात आणायला असते, मरणाऱ्याला घरी सोडायला नसते. खासगी गाडीवाला रात्री दोन वाजता काय भाव सांगतो ते भोगणाऱ्यालाच माहीत.

कोविडबद्दल सगळ्यांनी लिहिलं आहे, मी थोडंच लिहिते. एप्रिल २०२१ मध्ये आमच्या आयसीयूत पाणी आणि श्वास यांच्यातच ओढाताण होती. पाणी द्यायला मास्क बाजूला करायचा, आणि अर्धा मिनिट बाजूला केला तर सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण, ८८ वरून ७० वर यायचं. पेशंट पाणी मागायचा आणि आम्ही मॉनिटरकडे बघायचो. आम्ही स्वतःही किट घातल्यापासून काढेपर्यंत सहा-सात तास पाणी प्यायचो नाही. किटमधून कोण कोण आहे ते पेशंटला कळत नसे, म्हणून छातीवर स्केचपेनने नाव लिहायचो. एका मास्तरांचा मुलगा परदेशात होता. व्हिडिओ कॉल लावून मी फोन धरला. मास्तरांचे डोळे मिटलेले होते. मुलगा त्यांना शाळेतल्या कवितेच्या ओळी म्हणून दाखवत होता, मधेच विसरत होता, पुन्हा पहिल्यापासून म्हणत होता. मग म्हणाला, ‘सिस्टर, माझ्या नावानं घालाल का?’ मी बोळा भिजवला. दोन हातमोजे होते हातात, एकावर एक. ओठ कधी लागले ते माझ्या बोटांना कळलंच नाही.

आपल्या लेखात अरुणा शानबाग यांचा उल्लेख होता, तो वाचून मला वाटलं की हेही लिहावंच. त्या मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तिथेच त्यांच्यावर हल्ला झाला आणि त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या, तेव्हा मी सात वर्षांची होते. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने त्या गेल्या तेव्हा माझी नोकरीची सव्वीस वर्षं झाली होती. मधला सगळा काळ, जवळजवळ ४२ वर्षं, केईएमच्या परिचारिकांनी त्यांना जपलं. ज्या त्यांच्याबरोबर कामाला होत्या त्या निवृत्त झाल्या, मग ज्यांनी त्यांना कधी चालताना-बोलताना पाहिलं नव्हतं अशा मुलींनी जपलं. बेडसोअर, म्हणजे पडून पडून होणारी जखम, होऊ दिला नाही. ज्याने घरात एखादं अंथरुणाला खिळलेलं माणूस महिनाभर सांभाळलं आहे, त्यालाच या वाक्याचं वजन कळेल. दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठ पुसायची, चादरीची सुरकुतीसुद्धा ठेवायची नाही. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या दयामरणाची याचिका फेटाळताना केईएमच्या कर्मचाऱ्यांचं म्हणणं महत्त्वाचं मानलं, आणि त्याच निकालात इतरांसाठी उपचार थांबवण्याची वाट पहिल्यांदा उघडली. आमच्या ड्यूटी रूममध्ये त्या दिवशी जोराचा वाद झाला होता. मी म्हणाले होते, की मला असं पडून राहायचं नाही, माझी नळी काढा. आजही तेच म्हणेन, आणि माझं इच्छापत्र मी केलेलं आहे. पण केईएमच्या त्या मुलींना चुकीचं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. रोज जिला भरवलं, पुसलं, तिच्यासाठी ‘आता पुरे’ म्हणणं त्यांना जमलं नसतं. मलाही जमलं नसतं.

मला जे मागायचं आहे ते फार नाही. शेवटाला आलेल्या पेशंटजवळ एक माणूस कायम बसू द्यावा, दिवसा आणि रात्री, राउंड असो की साफसफाई. त्याला बसायला स्टूल द्यावं आणि कॉटभोवती पडदा असावा. सरकारने किंवा रुग्णालयाच्या प्रमुखांनी हे लेखी द्यावं, म्हणजे चोवीस-पंचवीस वर्षांच्या नव्या मुलीला भीतीने नियम पुढे करावा लागणार नाही. वॉर्डात अडुसष्ट पेशंटना दोघी ठेवल्या तर त्यांतली कुणी कुणापाशी थांबू शकणार नाही, हे मला पुन्हा सांगावं लागतंय याचं वाईट वाटतं. रिक्त जागा भरा असं आम्ही संपाच्या वेळी ओरडून सांगितलं, तेव्हा ‘पेशंटना सोडून बसल्या’ असं छापून आलं. वाचकांनाही सांगते, आपल्या माणसाची अशी वेळ आली तर संकोच करू नका. सिस्टरना विचारा, ‘पाणी लावू का?’ ‘पाजू का’ विचारलंत तर त्या नाही म्हणतील, आणि त्यांचं बरोबर असेल.

शेवटी, हे पत्र ज्यांच्यासाठी लिहायला घेतलं त्यांना. १९९६ च्या उन्हाळ्यात, मेल मेडिकलमध्ये, अकरा नंबरच्या कॉटवर तुमचे वडील होते. तुम्ही पहाटेच्या एसटीने आला होतात. आता तुमचं वय पन्नाशीच्या पुढे असेल. हे वर्तमानपत्र तुमच्या घरी येतं की नाही ते मला माहीत नाही. त्या सकाळी मी तुम्हाला एक गोष्ट सांगायला हवी होती, घाईत सांगितली नाही, आणि नंतर तुमच्या समोर यायची हिंमत झाली नाही. पहाटे चार वाजता तुमच्या वडिलांचं तोंड मी ओल्या गॉजने पुसलं होतं. रोजचं काम म्हणून पुसलं, मनात दुसरं काही नव्हतं. पण त्यांनी तो गॉज ओठांत धरला आणि चोखला, दोन-तीनदा. मी ओढला तर सोडला नाही. म्हणून मी तो पुन्हा भिजवून दिला होता.

आपली,
एक निवृत्त परिसेविका,
मराठवाडा
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)